रिमोटची गाडी कोपराने चालवताना: दिव्यांग मुलासाठी रिमोटमध्ये करायचे बदल

माझ्या भाचीच्या सातव्या वाढदिवसाला रिमोटवर चालणारी मोटार भेट आली. त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने, अगदी आजोबांनीही, ती चालवून पाहिली. चालवली नाही ती फक्त जिची होती तिने. भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूकडून स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. रिमोट धरून ठेवणे, डाव्या अंगठ्याने एक दांडी ढकलून ठेवणे आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने दुसरी दांडी हलवणे, या तिन्ही गोष्टी तिच्या स्नायूंना एकदम जमणाऱ्या नव्हत्या. गाडी कशी चालते हे मात्र तिला पुरते कळले होते, कारण गाडी दिवाणाच्या दिशेने सुसाट निघाली की आदळण्याआधीच हिचे हसू सुरू व्हायचे. पुढच्या दोन रविवारांत त्या रिमोटला चार लहान सॉकेट, म्हणजे बाहेरच्या बटणाची पिन घालायच्या खाचा, बसवून झाले आणि गाडी तिच्या उजव्या कोपराने चालू लागली. सुटे सामान गाडीपेक्षा स्वस्त पडले. ते काम कसे करायचे, आणि माझ्याकडून झालेल्या चुका कशा टाळायच्या, हे पुढे क्रमाने सांगतो.

आधी मुलाकडे पाहावे

सोल्डरिंगचे, म्हणजे वितळवलेल्या धातूने वायरी जोडण्याचे, काम तासाभराचे असते. खरा वेळ मुलाची भरवशाची हालचाल शोधण्यात जातो, आणि तो द्यायलाच हवा. रिमोट मुलाकडून नेमके काय काय मागतो, याचे तुकडे पाडून पाहावेत: धरणे, बटण नेमके गाठणे, पुरेसा दाब देणे, दाब टिकवणे, वेळेवर सोडणे आणि दोन बटणे एकत्र दाबणे. एखाद्या मुलाला यांतली एकच गोष्ट अडते, आणि मग तेवढीच काढून टाकली की भागते. ज्या मुलाला एकच हात आहे त्याचा रिमोट पाटावर घट्ट बसवून त्याला एका हाताची जॉयस्टिक जोडली तरी पुरे होते. मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) असलेल्या मुलाच्या हातांत जोर कमी असतो, पण बोट नेमके ठिकाणी जाते. त्याला अगदी हलके, लहान बटण लागते. उलट ज्याचे हात आपोआप वळवळतात त्याच्यापाशी जोर भरपूर असतो, नेमकेपणा नसतो; त्याला तळहाताएवढे, मार खाणारे बटण द्यावे लागते. स्नायू कडक असणाऱ्या मुलांच्या बाबतीत बटण दाबण्यापेक्षा ते सोडणे अवघड असते, आणि गाडी थांबवायची असते ती नेमकी सोडूनच, म्हणून ही गोष्ट आधीच नोंदवून ठेवावी.

तपासणीला काही विकत आणावे लागत नाही. प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण घ्यावे आणि ते कोपराशेजारी, गालाजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, पावलाखाली असे एकेका ठिकाणी धरून मुलाला त्याला स्पर्श करायला सांगावे. दहा वेळा सांगितल्यावर किती वेळा जमले, किती वेळाने जमले आणि परत बाजूला होता आले का, हे कागदावर लिहावे. थकल्यावर, म्हणजे शाळेतून आल्यावर, पुन्हा एकदा करून पाहावे. आम्हाला वाटले होते की भाचीचा डावा हात बरा. आकड्यांत उजवे कोपर पुढे निघाले. मूल ज्या खुर्चीत बसून खेळणार त्याच खुर्चीत, कंबर मागे टेकलेली आणि पावले टेकलेली असतानाच ही चाचणी घ्यावी, कारण बैठक बदलली की हातांची हालचालही बदलते.

मुलाचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या हालचाली आणि कामे शिकवणारे तज्ज्ञ) असतील तर जागा ठरवण्याआधी त्यांना दाखवावे. मान एका बाजूला वळली की त्याच बाजूचा हात आपोआप ताठ होण्याची बाळपणातली प्रतिक्रिया काही मुलांमध्ये टिकून राहिलेली असते. अशा मुलाच्या गालाशी बटण लावले तर बटण दाबले जाते, पण सगळे अंग आवळले जाते. हे आपल्या नजरेतून सहज सुटते, त्यांच्या सुटत नाही.

गाडी कोणती घ्यावी

ज्या गाडीत बटण एक तर दाबलेले असते किंवा नसते, मधला वेग नसतो, ती या कामाला सर्वांत सोपी. दांडी थोडी ढकलली तर हळू आणि पूर्ण ढकलली तर जोरात, असे होत असेल तर ती प्रमाणशीर नियंत्रणाची गाडी. तिच्याबद्दल शेवटी लिहिले आहे. रिमोट स्क्रूने बंद केलेला, आत थोडी मोकळी जागा असलेला आणि पेन्सिल सेलवर चालणारा असावा. मनगटी घड्याळासारखे, हात हलवून चालवायचे किंवा चपट्या बटण सेलवर चालणारे रिमोट घेऊ नयेत. चपटा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर जखम होऊ शकते.

मुलाला एकच बटण जमत असेल तर सर्वांत स्वस्त, एकाच बटणाची गाडी मुद्दाम शोधावी. ती चालू केली की सरळ धावत राहते आणि बटण दाबले की वळत वळत मागे येते. एवढ्यावर खोलीभर फिरता येते. दोन बटणे जमत असतील तर डावी आणि उजवी चाके वेगवेगळ्या मोटारींवर चालणारी, जागेवर गरगर फिरणारी स्टंट गाडी घ्यावी. तिच्या रिमोटच्या दोन दांड्या दोन बाजूंच्या चाकांसाठी असतात. दोन्ही 'पुढे' दाबल्या तर गाडी सरळ जाते, एकच दाबली तर वळते. दोन बटणांत पूर्ण गाडी हाती येते, ही सोय चार बटणांच्या नेहमीच्या मोटारीत नाही.

रिमोट उघडल्यावर

सामान मोजकेच लागते: बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, मल्टिमीटर (दोन बिंदू जोडलेले आहेत का हे दाखवणारे मापक), बारीक वायर, ग्लू गन आणि 3.5 मिलिमीटरची मोनो, म्हणजे दोनच जोडण्यांची, सॉकेट. हे सॉकेट जुन्या हेडफोनच्या मापाचे असते आणि विकलांग मुलांसाठी बनणाऱ्या बहुतेक बटणांना याच मापाची पिन असते, म्हणून दुसरे कोणते माप वापरू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सगळे एका फेरीत मिळते.

कल्पना साधी आहे. रिमोटच्या प्रत्येक बटणाखाली दोन बिंदू असतात आणि बटण दाबणे म्हणजे ते दोन बिंदू एकमेकांना जोडणे. त्या दोन बिंदूंपासून दोन वायरी काढून सॉकेटला नेल्या की सॉकेटमध्ये जोडलेले कोणतेही बटण तेच काम करते. मूळ बटण मात्र जागच्या जागी चालूच राहते, आणि याचा पुढे फार उपयोग होतो.

आधी गाडी नीट चालते याची खात्री करावी, मग सेल काढून रिमोटचे स्क्रू उघडावेत. मल्टिमीटर बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवावा. बटण दाबून धरून दोन टोके ज्या बिंदूंवर ठेवली असता बीप वाजतो आणि बटण सोडताच थांबतो, तेच आपले बिंदू. बटण चार पायांचे असेल तर समोरासमोरचे दोन कर्णावरचे पाय निवडावेत, कारण एका जोडीतले दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. मी घाईत त्याच जोडीला दोन्ही वायरी लावल्या आणि कोपराचे बटण कितीही दाबले तरी गाडी ढिम्म हलेना. बटणात दोष असेल म्हणून दोन बटणे बदलली, तेव्हा कुठे मीटर हातात घेतला.

बऱ्याच रिमोटमध्ये सगळ्या बटणांचा एक बिंदू सामाईक असतो आणि तो सेलच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. तसे असेल तर चार बटणांना आठऐवजी पाच वायरी पुरतात. 27 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या जुन्या स्वस्त गाड्यांच्या रिमोटमध्ये टीएक्स-2 मालिकेची 14 पायांची चिप आढळते. तिचा 3 क्रमांकाचा पाय ऋण टोकाचा, 5 वा पुढे जाण्याचा, 4 था मागे येण्याचा, 1 ला उजवीकडचा आणि 14 वा डावीकडचा असतो. तरीही मीटरने पडताळल्याशिवाय वायर लावू नये.

रबरी बटणाखाली काळे कार्बनचे ठिपके असतील तर त्यांवर सोल्डर बसत नाही. आयर्न टेकवले तर ठिपकाच जळतो. अशा वेळी ठिपक्याकडून निघणारी तांब्याची रेघ शोधून तिच्यावरचा हिरवा थर ब्लेडच्या टोकाने तांदळाच्या दाण्याएवढा हलकेच खरवडावा, चकाकते तांबे दिसले की त्यावर सोल्डरचा पातळ लेप द्यावा आणि मग वायर टेकवावी. आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर रेघ उखडून येते. सांधा गार झाल्यावर वायर सांध्यापासून सेंटिमीटरभर अंतरावर ग्लूने चिकटवावी. मुलाने उद्या वायर ओढली तर ताण ग्लूवर यावा, तांब्यावर नाही.

सॉकेटला कधी दोन, कधी तीन कान असतात. तिसरा कान पिन नसताना जोडलेला राहतो आणि पिन घातली की सुटतो. तो चुकून वापरला तर पिन काढताच गाडी भिंतीवर जाऊन धडकते. म्हणून सॉकेटमध्ये मोकळी पिन घालून, तिच्या टोकाशी आणि बुडाशी जुळणारे कान मीटरने शोधावेत आणि तेच घ्यावेत. स्टिरिओ सॉकेट मिळाले तरी चालते, मात्र मधले वलय मोकळे सोडावे. सॉकेट रिमोटच्या कडेला भोक पाडून बसवता येतात, पण आतल्या भागांना अडचण होत असेल तर साबणाच्या डबीएवढी वेगळी डबी रिमोटच्या पाठीला चिकटवून त्यात बसवणे अधिक सुटसुटीत. प्रत्येक सॉकेटभोवती वेगळा रंग द्यावा आणि बटणालाही तोच रंग द्यावा, म्हणजे आजीलाही जोडता येते.

बटण घरी करायचे तर

विकतची मोठी बटणे चांगली असतात, पण महाग पडतात, आणि कोणती जागा योग्य हे ठरेपर्यंत ती घेऊ नयेत. पुठ्ठ्याचे बारा सेंटिमीटरचे दोन चौकोन घ्यावेत, दोन्हींच्या आतल्या बाजूस स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा फॉइल चिकटवावा आणि मध्ये मोठे भोक पाडलेला पातळ फोम ठेवावा. वर दाब आला की भोकातून दोन फॉइल एकमेकांना टेकतात. अॅल्युमिनियमवर साधे सोल्डर बसत नाही, त्यामुळे वायरीचे सोललेले टोक फॉइलच्या घडीत घालून स्टेपल करावे. हे बटण महिनाभर टिकले तरी त्याचे काम झाले.

पक्के बटण करताना व्हिडिओ गेमच्या यंत्रावर बसते तसले गोल बटण किंवा लांब पत्तीचा मायक्रोस्विच (अगदी हलक्या दाबाने चालणारा लहान स्विच) वापरावा. मायक्रोस्विचवर सीओएम, एनओ आणि एनसी अशी तीन रोमन अक्षरांतली नावे कोरलेली असतात. त्यांतली पहिली दोनच जोडावीत. पत्ती जितकी लांब तितका दाब कमी लागतो, म्हणून कमी जोराच्या मुलांसाठी हा उत्तम. एका हाताने चालवणाऱ्या मुलासाठी त्याच दुकानात मिळणारी चार मायक्रोस्विचांची जॉयस्टिक घ्यावी: चार स्विच, चार सॉकेट, काम संपले. तिचा गोळा लहान वाटला तर टेनिसचा चेंडू चिरून त्यावर बसवावा.

लाळ गळत असेल तर बटण झिपच्या पारदर्शक पिशवीत घालावे. वायर मीटरभरापेक्षा लांब ठेवू नये, ती गळ्याजवळून कधीही नेऊ नये, आणि ओढली गेल्यास पिन सॉकेटमधून सहज निसटेल याची खात्री करावी. साध्या सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे सगळे सांधे बंद डबीच्या आत राहिले पाहिजेत, आणि काम झाल्यावर आपणही हात साबणाने धुवावेत.

बटण निसटणार नाही अशी व्यवस्था करणे हे बटण बनवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते जागचे हलले की मुलाने शोधलेली हालचाल फुकट जाते. खुर्चीच्या फळीवर ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबरी चटई अंथरून त्यावर वेल्क्रोने बटण लावावे. कोपरासाठी ते सपाट न ठेवता फळीच्या कडेला उभे, शरीराकडे तोंड करून लावावे. डोक्याशी लावायचे असेल तर मोबाइलचा वाकणारा स्टँड चालेल असे वाटते, पण तो धक्क्याने झुकतो. प्लंबिंगच्या पाइपचा सांगाडा दिसायला ओबडधोबड असला तरी जागचा हलत नाही.

वेग कमी करणे

खेळण्यातल्या गाड्या मुलाच्या प्रतिक्रियेच्या मानाने फारच वेगवान असतात. बटण सोडायला ज्याला दोन सेकंद लागतात त्याची गाडी तेवढ्यात खोली ओलांडून जाते. सतरंजी अंथरणे हा पहिला उपाय. तो फुकट आहे आणि बऱ्याचदा पुरतो. तेवढ्याने भागले नाही तर मागच्या मोटारीच्या एका वायरीत डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे लहान भाग, घालावेत. प्रत्येक डायोड साधारण 0.7 व्होल्ट खातो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: मोटारीतला प्रवाह पुढे जाताना एका दिशेने आणि मागे येताना उलट दिशेने वाहतो, म्हणून दोन डायोडांची एक माळ सुलट आणि तिच्याशेजारी दोन डायोडांची दुसरी माळ उलट, अशा दोन्ही जोडाव्या लागतात. एकच माळ लावली तर गाडी पुढे जाईल, पण मागे येणार नाही. 1एन4007 हा नेहमीचा डायोड 1 अँपिअरचा असतो आणि अडकलेली मोटार त्याहून अधिक प्रवाह ओढू शकते. म्हणून 3 अँपिअरचा 1एन5408 घ्यावा. मोटार नुसती गुणगुणत राहिली आणि चाके फिरेनात, तर माळेतला एकेक डायोड कमी करावा. एक सेल कमी करण्याचा सोपा उपाय मी सुचवणार नाही, कारण त्याने गाडीतल्या रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा संदेश घेणाऱ्या भागाला, मिळणारे व्होल्टही घटतात आणि तो मधूनमधून बंद पडतो.

ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा ज्यांना दाब टिकवता येत नाही, त्यांच्यासाठी बटण आणि रिमोट यांच्यामध्ये आर्डुइनो नॅनोसारखा, प्रोग्रॅम लिहून चालवता येणारा लहान बोर्ड घालता येतो. बटणाचा एक दाब मिळाला की गाडी दोन सेकंद चालावी, किंवा 0.3 सेकंदाच्या आत आलेला दुसरा दाब मोजूच नये, असे नियम त्यात लिहिता येतात. बोर्डाचा रिमोटशी थेट संबंध न ठेवता मध्ये पीसी817 हा ऑप्टोकपलर (आतल्या दिव्याच्या प्रकाशाने दुसऱ्या बाजूचे दोन बिंदू जोडणारा भाग) ठेवावा. त्याच्या दिव्याच्या बाजूस प्रवाह मर्यादित ठेवणारा 330 ओहमचा रोधक लावावा आणि दुसरी बाजू रिमोटच्या दोन बिंदूंना जोडावी, त्यात एमिटर नावाचा पाय ऋण बिंदूकडे राहील असे पाहावे. घरात प्रोग्रॅमिंग येणारे कोणी नसेल तर हे पहिल्याच दिवशी करू नये. आधी साधे बटण देऊन पाहावे, कारण कंप असलेली मुले गाडीच्या ओढीने कधी कधी आपल्याला थक्क करतात.

चालवायला देताना

पहिल्या दिवशी चारही बटणे देऊ नयेत. फक्त 'पुढे' एवढेच बटण मुलाकडे द्यावे आणि रिमोट आपल्या हातात ठेवावा. मूळ बटणे चालूच असल्यामुळे वळवण्याचे काम आपण करू शकतो आणि निघणे-थांबणे पूर्णपणे मुलाच्या हाती राहते. भिंतीशी गाडी नेऊन आपणच थांबवण्याचा मोह आवरावा. आदळू द्यावी. आमच्याकडे रिकाम्या खोक्यांची भिंत रचून ती पाडण्याचा खेळ चार दिवस चालला, आणि पाचव्या दिवशी भाचीने भिंतीच्या हातभर अलीकडे गाडी थांबवली व आमच्याकडे पाहिले. मग दुसरे बटण दिले.

दुसरे बटण शक्यतो शरीराच्या दुसऱ्या भागाला द्यावे. एकाच हाताला दोन बटणे शेजारीशेजारी दिली तर दोन्ही एकदम दाबली जातात; कोपर आणि पाऊल अशी जोडी बहुधा चांगली जुळते. गाडीचा पुढचा भाग मुलाकडे तोंड करून असला की डावे-उजवे उलटे होते. हा गोंधळ मोठ्यांचाही होतो, त्याचा दोष मुलाला देऊ नये. सुरुवातीला मुलाला गाडीच्या मागे बसवले की तो टळतो.

प्रमाणशीर नियंत्रणाच्या गाड्यांमध्ये बटणांऐवजी फिरते रोधक, म्हणजे दांडी जितकी हलेल तितका रोध बदलणारे भाग, असतात, त्यामुळे दोन बिंदू जोडण्याची युक्ती तिथे चालत नाही. त्यांच्या तीन वायरी सोडवून तिथे त्याच किमतीच्या, बहुधा 5 किलोओहमच्या, रोधकांची दुसरी जॉयस्टिक बसवावी. ती हनुवटीने किंवा तळहाताने हलेल अशा जागी नेता येते. दोन टोकांच्या वायरी उलट लागल्या तर डावीकडे दाबल्यावर गाडी उजवीकडे वळते, एवढेच. त्या अदलाबदल कराव्यात. वेगाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय अशा बऱ्याच रिमोटवरच असते, ती आधी निम्म्यावर आणून ठेवावी.

घरी केलेली बटणे गाडी मोडल्यावर टाकून देऊ नयेत. 3.5 मिलिमीटरची पिन असल्यामुळे तीच बटणे सेलवर चालणाऱ्या इतर बदललेल्या खेळण्यांना लागतात. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या व्हिडिओ गेम रिमोटच्या, पाठीमागे याच मापाची 19 सॉकेट आहेत. भाचीची पहिली गाडी सहा महिन्यांत मोडली. कोपराचे लाल बटण मात्र अजून त्याच फळीवर, त्याच जागी लावलेले आहे.